उसना हात

थोरल्यांना आपल्या साखरेचा अभिमान होता. कुणाला मुलांचा असतो, कुणाला घराचा असतो, थोरल्यांना मधुमेहाचा होता. इतकी वर्षं हे दुखणं बाळगलं, पण एकदाही त्याला डोक्यावर बसू दिलं नाही, असं ते दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. खिडकीची काच बदलायला आलेला माणूस बिचारा माप सांगायचं विसरायचा आणि तहान जास्त लागते का, रात्री उठावं लागतं का, पायाची जखम लवकर भरते का, याची उत्तरं देत बसायचा. "मला नुसतं तोंड बघून कळतं," असं म्हणून थोरले मग माप घ्यायला वळायचे.

दुकान काचेचं. ते आणि त्यांचे साडू मिळून चालवायचे. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली यांच्या घरी, धाकटी त्यांच्या घरी, म्हणून हे थोरले आणि ते धाकटे. वयाचा त्यात फारसा संबंध नव्हता, आणि दोघांची खरी नावं आता फक्त पावतीपुस्तकापुरती उरली होती. साडू एकत्र धंदा करतात म्हटल्यावर नातेवाइकांनी सुरुवातीला भांडणाची आशा धरली होती, पण ती काही फळाला आली नाही.

काच मोठी असली की ती दोघांनीच उचलायची. एकाने पुढची कड धरून उलटं चालायचं, दुसऱ्याने मागची कड धरून सुलटं. उलटं चालणाऱ्याला वाट दिसत नाही, म्हणून त्याने समोरच्याच्या तोंडाकडे बघत पाय टाकायचे आणि सुलटं चालणाऱ्याने "पायरी", "डावीकडे", "थांबा" सांगत न्यायचं. थोरले नेहमी उलटे चालत. धाकट्यांवर त्यांचा तेवढा विश्वास होता, आणि असं चालताना पाठीमागे एकदाही वळून बघितलं नाही, हेही ते गिऱ्हाइकांना सांगत.

तर अशा या माणसाला डॉक्टरीणबाईंनी नेहमीच्या तपासणीत सांगितलं, की साखर छान आहे, पण रक्तदाब वाढलाय.

"साखर छान आहे ना? मग झालं तर," थोरले खुर्चीवरून उठायलाच लागले.

"बसा काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या वयाने त्यांच्या मुलीएवढ्या, पण त्यांनी बसा म्हटलं की माणूस बसायचा. "साखर आणि दाब ही जोडगोळी आहे. दोघं मिळून एकाच ठिकाणी घाव घालतात. डोळ्यांतल्या बारीक नसांवर आणि मूत्रपिंडांवर. नुसता दाब असलेल्या माणसाला मी थोडी सूट देईन, तुम्हाला नाही देणार. तुमच्या लघवीतून प्रथिनं जायला लागलीत. म्हणजे सुरुवात झालीय."

त्यांनी एक गोळी सुरू केली. मूत्रपिंडांनाही तिचा आधार असतो म्हणाल्या. मीठ निम्मं करायला सांगितलं. आणि दाब मोजायचं एक यंत्र घ्यायला लावलं. पट्टा दंडाला गुंडाळायचा, बटण दाबायचं, आकडे यंत्राच्या पोटात आपोआप साठतात. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजायचं. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर, चहा नंतर.

"आकडे उतरले नाहीत तर दुसरी गोळी वाढवू. आणि मग जड उचलणं काही दिवस बंद."

हे शेवटचं वाक्य थोरल्यांच्या काळजात रुतलं. गोळीचं त्यांना काही नव्हतं, गोळ्या ते शेंगदाण्यासारख्या खात. पण कोपऱ्यावर नवं वाचनालय उभं राहत होतं, त्याची सगळी दर्शनी बाजू काचेची होती, आणि ते काम साडूंना मिळालं होतं. उभ्या आयुष्यात त्यांनी एवढ्या मोठ्या काचा उचलल्या नव्हत्या. आता ऐन वेळी आपल्याला खुर्चीवर बसवणार आणि धाकट्यांच्या समोर कुणी भाड्याचा माणूस उलटा चालणार, या कल्पनेनेच त्यांना घाम फुटला. एकदा माणसाला खुर्चीवर बसवलं की त्याला पुन्हा कुणी उठवत नाही, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी घरी दाब मोजला. आकडा जास्त आला. म्हणून पुन्हा मोजला, तो आणखी जास्त आला. तिसऱ्यांदा पट्टा गुंडाळायला लागले तेव्हा थोरलीने यंत्र हिसकावून घेतलं.

"बघताय म्हणून वाढतोय! साखरेचंही तुमचं असंच, सतरा वेळा बोट टोचायचं." तिने ते आकडे पुसून टाकले, दुकानातली कागदी चिकटपट्टी आणून यंत्राच्या तोंडावर आडवी मारली आणि बजावलं, "आकडे डॉक्टरीणबाई बघतील. ही पट्टी मी लावलीय, मीच काढणार."

थोरल्यांनी मान डोलावली. बायकोला वाटलं, नवरा सुधारला. खरं म्हणजे त्यांना त्याच क्षणी युक्ती सुचली होती.

घरात शिट्ट्या, भांडी, दार वाजणं, शांतता म्हणून नाही, या सबबीवर ते यंत्र दुसऱ्या दिवशी दुकानात घेऊन गेले. धाकटे काच कापायच्या टेबलावरची सतरंजी झटकत होते.

"अरे, जरा आठवडाभर तुझा दंड उसना देतोस का?"

"नुसता दंड?" धाकटे म्हणाले. "घ्या की भाऊ. परत करा म्हणजे झालं."

थोरल्यांनी सगळी हकिगत सांगितली. धाकट्यांचा स्वभाव असा, की गोष्ट अर्धी ऐकायची आणि उरलेल्या अर्ध्याची चेष्टा करायची. त्या दिवशी मात्र त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाही वर करून स्टुलावर बसले. धाकटे म्हणजे ठणठणीत माणूस. दवाखान्याची पायरी त्यांनी चढली ती फक्त दुसऱ्याला पोचवायला. अंगाने आधीच शिडशिडीत, त्यात गेल्या काही महिन्यांत आणखी उतरले होते. कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं तेव्हा त्यांनी ते दुकानभर मिरवलं होतं. असल्या दंडावर आकडा चांगला येणार नाही तर कुठे येणार?

आणि गंमत अशी, की लबाडी करायची तीसुद्धा थोरले अगदी नेमाने करत. पाच मिनिटं गप्प. पाठ टेकलेली. पाय जमिनीवर. एरवी ज्यांच्या तोंडाला कुलूप नसायचं ते धाकटे डोळे मिटून बसत. यंत्र घरघरायचं, पट्टा फुगायचा, मग सुस्कारा सोडून सैल व्हायचा.

"काय म्हणतंय?" धाकटे विचारायचे.

"पट्टी आहे ना वर. आणि तुझं काय म्हणणार? घोडा आहेस तू."

धाकटे पट्टीकडे बघत बाही खाली करायचे आणि पाण्याची बाटली तोंडाला लावायचे.

आठवडा असा गेला. दिवस उन्हाचे, म्हणून धाकट्यांची बाटली सारखी रिकामी व्हायची. काम चालू असताना ते मध्येच मोरीकडे पळायचे, तेव्हा थोरले "लहान पोरासारखं काय रे तुझं," म्हणून कुरकुरायचे. अंगठ्याला काच लागून झालेली जखम त्यांनी फडक्यात बांधली होती, ती फडकं बदलत बदलत तशीच राहिली. काचेच्या धंद्यात बोटं कापायचीच, तिकडे कोण लक्ष देतं!

ठरल्या दिवशी थोरले बायकोला घेऊन दवाखान्यात गेले. स्वारी खुशीत होती. जिना चढताना शीळसुद्धा घातली.

थोरलीने आपल्या हाताने चिकटपट्टी काढली. डॉक्टरीणबाई यंत्राचं बटण दाबत एकेक आकडा मागे जाऊन बघायला लागल्या. आधी त्यांच्या भुवया वर गेल्या, मग जवळ आल्या. त्यांनी थोरल्यांचा दंड पुढे घेतला आणि दवाखान्यातल्या यंत्रावर स्वतः दाब मोजला. दोनदा. मग त्यांना उभं करून एकदा.

"इथे एकशे छत्तीस. आणि घरी सकाळ-संध्याकाळ एकशे सत्तरच्या वर? एकदाही खाली नाही?" त्या म्हणाल्या. "बहुतेकांचं उलटं असतं, इथे घाबरून वाढतो आणि घरी उतरतो. काका, तुमचा दाब माझ्यापासून लपतोय. हे जास्त वाईट. आजपासून दुसरी गोळी, आणि पहिलीचा डोस दुप्पट."

थोरली तोंडावर हात ठेवून बसली. थोरल्यांच्या मात्र हे डोक्यातच शिरेना. ते नुसते त्या आकड्यांकडे बघत राहिले. एकशे बहात्तर. एकशे अठ्ठ्याहत्तर. एकशे चौऱ्याहत्तर. हे कुणाचे आकडे आहेत ते त्या खोलीत फक्त त्यांनाच ठाऊक होतं. आणि मग एकामागून एक सगळं दिसायला लागलं. बाटली. मोरी. पट्ट्याचं भोक. अंगठ्यावरचं फडकं.

गोळ्या लिहिलेला कागद खिशात घालून ते बाहेर आले आणि जिन्यात मध्येच उभे राहिले.

"घाबरू नका हो," थोरली म्हणाली. "गोळीने उतरेल."

"तो दंड माझा नव्हता."

"कुठला दंड?"

"यंत्रातला. सगळा आठवडा. धाकट्याचा होता."

थोरलीने आधी डोळे मोठे केले. "म्हणजे मी पट्टी लावत बसले आणि तुम्ही मला शेंडी लावलीत? लाज नाही वाटत? या वयात..." ती आणखी बरंच बोलणार होती, पण वाक्याच्या मध्येच ते आकडे कुणाच्या नवऱ्याचे हे तिच्या लक्षात आलं. ती तिथेच पायरीवर बसली. तिचा आवाज एकदम लहान झाला. "माझ्या बहिणीला हे माहितीये?"

"त्यालाच माहीत नाही," थोरले म्हणाले. तसं त्यांना वाटत होतं.

दोघं पुन्हा वर गेले. खोटं बोलायला थोरल्यांना आठवडा लागला होता, खरं सांगायला फार वेळ लागला नाही. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

"तुम्ही या गोळ्या घेतल्या असत्यात तर दाब नको इतका उतरून उद्या शिडीवरून खाली आला असतात," एवढंच म्हणून त्यांनी तो कागद परत घेऊन फाडला. "ते कुठे आहेत आत्ता?"

"दुकानात."

"आजच घेऊन या. आणि काही उचलू देऊ नका."

थोरलीने तिथूनच बहिणीला फोन लावला. थोरले दुकानाकडे निघाले. रस्त्यात एका गिऱ्हाइकाने हाक मारली, त्यांना ती ऐकूच आली नाही.

धाकटे टेबलावर वाकून काचेवर कापायचा हिरा ओढत होते. रेघ ओढून झाली की डोळे बारीक करून तिच्याकडे बघत होते. थोरल्यांनी काही प्रस्तावना केली नाही. खणातून साखर बघायचं यंत्र काढलं, धाकट्यांचा हात ओढला आणि बोटाला टोचलं.

"अहो भाऊ! आधी दंड, आता बोट. पुढच्या आठवड्यात काय, मुंडकं?"

थेंब पट्टीवर चढला. थोड्या वेळाने आकडा आला. थोरल्यांनी इतक्या वर्षांत स्वतःचा एवढा मोठा आकडा कधी पाहिला नव्हता. त्यांनी यंत्र धाकट्यांपुढे धरलं आणि दाबाचंही सांगून टाकलं.

धाकटे हसले नाहीत. त्यांनी हिरा पुसून डबीत ठेवला.

"वाचनालय होऊन जाऊ दे," ते हळूच म्हणाले. "मग बघू. घरी काही बोलू नका तोवर. तुमचं मी झाकलं ना? आता माझं तुम्ही झाका."

मागणं रास्त होतं. एका लबाडीच्या बदल्यात दुसरी, हिशेब सरळ होता, आणि थोरल्यांना त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवता येईना.

"सांगितलं," ते म्हणाले. "दोघींना."

"मला न विचारता?"

"हो."

धाकट्यांनी बाही खाली केली, बटण लावलं आणि पाठ फिरवली. त्यानंतर ते डॉक्टरीणबाईंकडे गेले ते दोघी बहिणींच्या मधोमध, पोलिसांनी धरून न्यावं तसे. थोरले मागून चालत होते. त्यांच्याशी कुणीच बोलत नव्हतं.

धाकट्यांना साखर होती आणि दाबही होता. दोन्ही किती दिवसांची, देव जाणे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत उजेड टाकून पाहिलं. मागच्या पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसले. आणखी उशीर झाला असता तर नजर गेली असती, आता सांभाळता येईल, असं ते म्हणाले. मूत्रपिंडंही थोडी दमली होती. साखरेची गोळी, दाबाच्या दोन गोळ्या, मीठ कमी, आणि दाब खाली येईपर्यंत वजन उचलायचं नाही. थोरल्यांनीही पुन्हा आठवडाभर मोजलं, या वेळी स्वतःच्या दंडावर आणि बायकोच्या पहाऱ्यात. एकशे चाळीसच्या आसपास आलं. त्यांनाही दुसरी गोळी लागलीच, बारीकशी. म्हणजे ज्या गोळीसाठी एवढा उपद्व्याप केला ती शेवटी सुखाने पोटात गेली.

वाचनालयाचं काम दुसऱ्या दुकानाने उचललं.

त्या दिवसांत धाकटी एकदा ताईकडे आली. थोरले चहा पीत होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. एरवी थट्टेशिवाय बोलायची नाही, पण आज तिचे डोळे भरले होते.

"भाऊजी, तुम्ही काच घेऊन उलटे चालता ना? यांच्या तोंडाकडे बघत?"

"हो."

"मग काय बघत होता हो इतके दिवस?"

थोरल्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि तो तसाच गार झाला. खरं सांगायचं तर ते धाकट्यांच्या तोंडात आपली वाट बघत होते. पायरी कुठे, वळण कुठे, एवढंच. त्या तोंडाचे गाल बसले, डोळ्यांखाली काळं आलं, हे रस्त्यावरच्या कुणालाही दिसलं असतं.

धाकटे दुकानात यायचे, लहान काचा कापायचे, कामापुरतं बोलायचे. बडबड्या माणसाचा अबोला सोसायला फार जड जातो. थोरले उगाचच खोकायचे, उगाचच माप विचारायचे. अखेर एका दुपारी धाकट्यांनीच टोपी उचलली.

"वाचनालयाच्या काचा बसल्या म्हणतात. बघून येऊ."

दोघं कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि समोरच्या फुटपाथवर उभे राहिले. काचा मोठ्या देखण्या होत्या. आतल्या फळ्या अजून रिकाम्या होत्या.

"तिसरीचा सांधा बरोबर भरला नाही," धाकटे म्हणाले.

"दुसरीचाही नाही."

"पावसात गळणार."

"गळणारच."

एवढं झाल्यावर दोघांना जरा बरं वाटलं. थोरल्यांना वाटलं, आत्ता बोलून टाकावं, आणि ते बोललेच. "मी तुझा हात घेतला आणि तुझं वाटोळं करत होतो, रे. मला माफ कर."

धाकट्यांनी मान हलवली. ते काचांकडेच बघत होते.

"तुम्ही दंड मागितलात ना, भाऊ, त्या दिवशी मला काय वाटलं माहितीये? वाटलं, सुटलो."

"म्हणजे?"

"मला कळत होतं. तुमचं ऐकून ऐकून पाठ झालंय ना सगळं. तहान काय, मोरी काय. हिऱ्याची एक रेघ ओढली की मला दोन दिसायच्या. पण दवाखान्याकडे पाय उचलत नव्हता. तुम्ही यंत्र घेऊन आलात आणि वाटलं, चला, आता भाऊंना आपोआप कळेल. रोज बाही वर करताना वाटायचं, आज ते पट्टी उचकटतील, आज बघतील. म्हणून तर रोज विचारायचो, काय म्हणतंय."



"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर ते खरं झालं असतं," धाकटे म्हणाले. "एकट्याने खरं करायची हिंमत नव्हती माझी."

थोरले वळून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. काच हातात नव्हती, वाट विचारायची नव्हती. ओळखीचंच तोंड, पण त्यांना ते नव्याने वाचावं लागलं. त्यांना धाकट्यांची फार माया आली आणि स्वतःची फार लाज वाटली.

"आता कसं वाटतंय तुला?" त्यांनी विचारलं. "चेष्टा नको. खरं सांग."

धाकटे सांगायला लागले, आणि थोरल्यांनी त्यांना मध्ये कुठेही थांबवलं नाही.